तणावर मुळांचा पहारा

तणनाशक फवारले, तरी तण डोलतेच! ऑस्ट्रेलियात १९९६ साली रायग्रास या गवताने ग्लायफोसेटलाही दाद दिली नाही, तेव्हा शेतकऱ्याच्या पोटात गोळा आला. तिथल्या अफाट शेतांत खुरपणीला माणसे आणायची कुठून?

वाग्गा वाग्गाच्या चार्ल्स स्टर्ट विद्यापीठात संशोधक पिकाच्या मुळांकडे वळले. कॅनोला ही आपल्या मोहरीची चुलत बहीण. तिच्या काही वाणांची मुळे अशी द्रव्ये पाझरतात, की शेजारच्या रायग्रासची मुळे खुरटतात. काही वाण मात्र अगदीच भोळे. तण उरावर बसले तरी गप्प! लढाऊ वाणांचा हा गुण भरघोस तेल देणाऱ्या वाणांत उतरवायचा, हा पैदासकाराचा खटाटोप. पण काचपात्रात जिंकलेला वाण शेतात जिंकेलच असे नाही. तिथे माती, पाऊस, सावली सारेच मध्ये पडतात. म्हणून एकेक वाण शेतात पेरून तण मोजत बसावे लागते.