आभाळात गाडी साइडला घेता येत नाही!

कॉलेजला निघालात आणि येडशीजवळ बाइक मिसिंग करायला लागली. दोन झटके दिले आणि बंद. काय करता? साइडला घेता. टाकी हलवून बघता, चोक ओढता, चार-पाच किका मारता. नाहीच जमलं तर मित्राला फोन लावता, ‘अरे, ये ना जरा.’ फार तर पहिलं लेक्चर बुडतं.

आता अशी कल्पना करा, की हेच इंजिन तुमच्या पाठीमागे आहे, त्याला पंखा जोडलाय आणि तुम्ही जमिनीपासून ३०० मीटर वर आहात. तिथं साइड नाही, किक नाही आणि मित्रही येऊ शकत नाही.

अल्ट्रालाइट विमान म्हणजे नेमकं हेच. एक किंवा दोन माणसांचं, अगदी हलकं विमान. काहींना कापडी पंख आणि खाली तीनचाकी सांगाडा असतो, त्याला ट्राइक म्हणतात. काही मात्र बंद केबिनची, दिसायला अगदी ‘खऱ्या’ विमानासारखी. आपल्याकडे त्यांना जास्त करून मायक्रोलाइट म्हणतात. आकार छोटा असला तरी डीजीसीएकडे नोंदणी लागतेच.

तुम्ही म्हणाल, धाराशिवात बसून आपल्याला याचं काय? आहे ना. २०१५मध्ये आपल्या संरक्षण मंत्रालयानं स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीकडून ‘व्हायरस एसडब्ल्यू ८०’ नावाची १९४ छोटी विमानं घेण्याचा करार केला. हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी. म्हणजे एनसीसीच्या एअर विंगचा कॅडेट आयुष्यात पहिल्यांदा उडतो, तो अशाच विमानातून. पुणे, नागपूर अशा शहरांत एनसीसीच्या एअर स्क्वाड्रन आहेत. आणि आपल्या धाराशिवलाही धावपट्टी आहे की! २००९मध्ये नांदेड, लातूर, बारामती आणि यवतमाळबरोबर तीही रिलायन्सच्या कंपनीला भाडेपट्ट्यानं दिली गेली. नेहमीचं प्रवासी विमान तिथं उतरत नाही, पण छोट्या विमानाला लागते तेवढी जागा आपल्या उंबऱ्यावर आहे.

आता मुद्द्याचं. हे इंजिन बिघडतं कसं आणि सांभाळायचं कसं?

ओळखीचंच इंजिन

जगभरातल्या अल्ट्रालाइटमध्ये सगळ्यात जास्त दिसणारं नाव म्हणजे ऑस्ट्रियाची रोटॅक्स कंपनी. तिची दोन इंजिनं ओळखून ठेवा. पहिलं ५८२. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, सुमारे ६५ हॉर्सपॉवर. तुमच्या शेतात पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप असेल, तर त्याच जातीचं, फक्त मोठं. त्यातही पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, ५० भागांना १ भाग. म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली ऑइल. ऑइल विसरलात तर पिस्टन सिलिंडरला धरतो. गॅरेजच्या भाषेत इंजिन सीझ.

दुसरं ९१२. फोर-स्ट्रोक, चार सिलिंडर. वर सांगितलेल्या ‘व्हायरस’मध्ये याचंच ८० हॉर्सपॉवरचं मॉडेल आहे. याचं ऑइल तपासायची पद्धत तर भन्नाट आहे. आधी इग्निशन बंद आहे याची खात्री करायची. मग पंखा हातानं, तो फिरतो त्याच दिशेनं, सावकाश फिरवत राहायचा. काही फेऱ्यांनंतर ऑइलच्या टाकीतून गुडगुड आवाज येतो. चक्क ढेकर! इंजिनात साठलेलं ऑइल टाकीत परत आल्याची ती खूण. मगच पट्टी घालून पातळी बघायची. ढेकर यायच्या आधी बघितली तर ऑइल कमी दिसतं, माणूस वरून आणखी ओततो आणि नवीनच दुखणं सुरू होतं.

तीन प्रश्न

इंजिन कुठलंही असो, चांगला मेकॅनिक तीनच प्रश्न विचारतो. पेट्रोल येतंय का? ठिणगी पडतेय का? हवा आणि दाब नीट आहे का? आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. आपण काय करतो? प्लग बदलतो, जेट फिरवतो, फिल्टर काढतो, सगळं एकदम. गाडी सुरू होते, पण दुखणं कशात होतं ते कळतच नाही. बाइकला हे चालून जातं. विमानात न कळलेलं दुखणं पुढच्या वेळी वर गेल्यावर भेटतं.

पेट्रोलपासून सुरू करा. रात्री गार आणि दिवसा तापलेल्या टाकीत हवेतलं बाष्प पाणी होऊन तळाशी बसतं. म्हणून उडण्याआधी टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून उजेडात धरायचं. खाली वेगळा थेंब लोळताना दिसला तर ते पाणी. ते पूर्ण जाईपर्यंत काढत राहायचं.

पुढं कार्बोरेटर. त्यातला फ्लोट पेट्रोलवर तरंगतो आणि पातळी राखतो. पण काही फ्लोट हळूहळू पेट्रोल पितात, जड होतात आणि बुडतात. मग पेट्रोल उतू जातं आणि इंजिन थडथडायला लागतं. रोटॅक्सच्या ९१२ला एका कार्बोरेटरमध्ये दोन फ्लोट असतात. ते काढून काट्यावर ठेवायचे. दोन्ही मिळून ७ ग्रॅमच्या वर भरले की फेकायचे. सोनाराच्या दुकानात शोभेल अशी ही तपासणी आहे, पण ती जीव वाचवते.

ठिणगीची गोष्ट प्लग सांगतो. काढून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर मजेत. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओलं-तेलकट असेल तर ठिणगी कच्ची आहे किंवा ऑइल जास्त झालंय. पांढरंफेक असेल तर सावध! पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय, इंजिन आतून भाजतंय. टू-स्ट्रोकमध्ये हे असंच चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. हीच परीक्षा तुमच्या बाइकला किंवा फवारणी पंपालाही लागू आहे. आज संध्याकाळी करून बघा. इंजिन गार झाल्यावर मात्र!

उसाचं पेट्रोल

आता आपल्या जिल्ह्याच्या अगदी जवळचा विषय. आपल्या साखर कारखान्यांचं आता इथेनॉलशीही नातं जुळलंय. देशात २०२३पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, म्हणजे ई२०, पंपावर यायला लागलं आणि आता तेच सर्रास मिळतं. ऊसवाल्या भागाला ही चांगलीच बातमी. पण छोट्या विमानाच्या इंजिनाला?

रोटॅक्सनं ९१२साठी १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगितलंय. कारण समजून घ्या. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. त्यामुळे जेट तेच ठेवलं तर मिश्रण ‘पातळ’ होतं, म्हणजे वर सांगितलेला पांढऱ्या प्लगचा रस्ता. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला वेगळा थर धरतात आणि इंजिनाला पेट्रोलऐवजी तोच थर मिळतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात, त्या वेगळ्याच.

मग पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे कळणार कसं? सोपं आहे. खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिली पाणी घ्या, वर ९० मिली पेट्रोल ओता, बूच लावून हलवा आणि थांबा. खालचा थर १० मिलीच राहिला तर इथेनॉल नाही. तो वाढून २५च्या पुढं गेला तर समजून जा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, सरांसमोर आणि आसपास ज्योत नसताना करा. प्रॅक्टिकलला इतका कामाचा प्रयोग क्वचितच मिळतो.

मे महिन्यातलं कळसूबाई

आणखी एक गोष्ट आपल्याकडची खास. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचावर आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेला की हवा विरळ होते. हिशेब केला तर त्या दुपारी धाराशिवच्या जमिनीवरची हवा प्रमाण तापमानाच्या दिवशी साधारण १,६५० मीटरवर असते तेवढीच दाट भरते. म्हणजे जवळपास कळसूबाईचं शिखर! समुद्रकिनाऱ्याच्या मानानं सुमारे १५ टक्के विरळ. इंजिनाला ऑक्सिजन कमी, पंख्याला पकड कमी, पंखांना उचल कमी. बिघाड काहीच नाही, तरी विमान उठायला जास्त धावतं. म्हणून छोटी विमानं पहाटे नाहीतर संध्याकाळी उडवणं बरं. दुपारी ‘पिकअप घेत नाही’ म्हणून कार्बोरेटर पिळत बसण्याआधी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघा.

शेवटची परीक्षा जमिनीवरच

या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि एकूण दोन स्वतंत्र इग्निशन असतात. एक गेलं तरी दुसऱ्यावर घरी यावं म्हणून. पण दोन्ही चालू असताना एक मेलेलं आहे हे कळत नाही. म्हणून उड्डाणाआधी ९१२ला ४,००० फेऱ्यांवर नेतात आणि एकेक इग्निशन आळीपाळीनं बंद करतात. फेरे ३००च्या वर पडता कामा नयेत आणि दोन्हींमधला फरक ११५च्या आत हवा.

आणि फेरे अजिबात पडलेच नाहीत तर? खूश होऊ नका. याचा अर्थ स्विच बंद करूनही ते इग्निशन बंद होत नाहीये. असं विमान उभं करून कुणी सहज पंख्याला हात लावला, तर इंजिन एक झटका मारू शकतं. हात जाऊ शकतो.

एवढं सगळं करूनही टू-स्ट्रोक अचानक बंद पडू शकतं, हे स्वतः कंपनीच आपल्या पुस्तिकेत बजावून सांगते. म्हणून उडवणाऱ्याचा नियम असा, की खाली उतरता येईल असं मोकळं रान कायम आवाक्यात ठेवायचं. साधं ट्राइक इंजिनाशिवाय १ मीटर खाली येताना साधारण ७-८ मीटर पुढं जातं. ३०० मीटरवर असाल तर सरळ रेषेत दोन-अडीच किलोमीटर. तेवढ्यात सोयाबीन काढलेलं रान पाहिजे, उभा ऊस नाही. आणि उडाल्या उडाल्या, कमी उंचीवर इंजिन गेलं तर मागं वळायचं नाही, समोरच उतरायचं. वळणात उंची आणि वेग दोन्ही जातात, आणि धावपट्टी मागं असूनही मिळत नाही.

वहीतला मेकॅनिक

आपल्या भागातले गॅरेजवाले आवाजावरून दुखणं सांगतात. त्यांचा कान विमानाच्या मेकॅनिकपेक्षा कमी नसतो. फरक वहीचा आहे. विमानात इंजिन किती तास चाललं, कुठला प्लग कधी बदलला, कुणी तपासलं, सगळं लॉगबुकात सहीनिशी असतं. ५८२ हे ३०० तासांना पूर्ण उघडायचं असतं. ताशी ४० किलोमीटरनं धरलं तर बाइकचे १२,००० किलोमीटर. तेवढ्यात आपण बाइकची चेनसुद्धा बदलत नाही! आताच्या ९१२ला हीच मुदत २,००० तासांची आहे. पण तास लिहिलेच नाहीत तर मुदत संपली हे सांगणार कोण?

१९०३मध्ये राइट बंधूंचं विमान उडालं, त्याचं सुमारे १२ हॉर्सपॉवरचं इंजिन त्यांच्या सायकल दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकनं सहा आठवड्यांत बनवलं होतं. टेलर आजच्या तारखेला असता तर त्याला आधी परवाना काढावा लागला असता. तुम्हाला या वाटेनं जायचं असेल तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स ठेवा आणि एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंगकडे बघा. प्रवेश घेण्याआधी संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, हे डीजीसीएच्याच यादीत तपासा, जाहिरातीत नाही. या परवानाधारकाची सही झाल्याशिवाय दुरुस्त केलेलं विमान उडत नाही. पायलट कितीही सीनियर असो.

आजपासून करता येईल असं

- बाइक किंवा फवारणी पंपासाठी एक वही करा. तारीख, किलोमीटर किंवा तास, काय केलं, एवढंच लिहा.
- प्लग काढला की टोकाचा फोटो काढा. सहा महिन्यांनी शेजारी ठेवून बघा.
- पंप हंगामानंतर ठेवताना टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. जुनं पेट्रोल पुढच्या हंगामात वापरू नका.
- बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती लिहा.

वही दहा रुपयांची मिळते. पहिल्या पानावर आजची तारीख टाका आणि प्लगचा रंग लिहा.