रिपोर्टावर ‘एएस’, मोबाईलवर ‘एसएस’

मागच्या महिन्यात उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आम्ही सिकलसेलची माहिती द्यायला गेलो होतो. बैठक उठली तरी एक आई मागे थांबली. “ताई, माझी पोरगी किती दिवसांची आहे ते खरं सांगा.” मुलगी एकवीस वर्षांची, धडधाकट, शेजारीच उभी! एका शिबिरात तिचं रक्त तपासलं, कागद हातात दिला, समजावून कोणी सांगितलं नाही. घरी भावाने मोबाईलच्या माईकवर विचारलं, ‘सिकलसेल म्हणजे काय?’ मग रात्रभर दुखण्याने विव्हळणाऱ्या मुलांचे व्हिडिओ एकामागून एक येत राहिले. आठ दिवस त्या घरात कोणी नीट जेवलं नव्हतं.

आम्ही रिपोर्ट बघितला. एएस.

एएस म्हणजे वाहक. आई किंवा वडील, एकाकडूनच दोष आलेला. वाहकाला सहसा त्रास नसतो, औषधही लागत नाही. दोघांकडून दोष आला तर एसएस, म्हणजे आजार. मोबाईल खोटं बोलला नव्हता. त्याने विचारलेल्या शब्दाचं उत्तर दिलं, रिपोर्ट त्याने पाहिलाच नव्हता. ‘सिकलसेल वाहक’ असं विचारलं असतं तर वेगळं काही समोर आलं असतं.

विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये हा दोष जास्त आढळतो, तेव्हा लोक शोधणारच. आमचा त्याला विरोध नाही. दवाखान्यात दोन मिनिटं मिळतात, दुसरा प्रश्न विचारला की खेकसतात. मोबाईल निदान खेकसत तरी नाही.

पण घरात एसएसचं मूल असेल तर चूक महागात पडते. ‘रक्त वाढवा’ म्हणून सांगणारे व्हिडिओ बघून लोहाच्या गोळ्या आणतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, एसएसमध्ये ती 10 ते 20 दिवसांतच फुटते. रक्त कमी होतं ते मुख्यतः त्यामुळे. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात तर लोह साठलेलं असतं, म्हणून तपासल्याशिवाय लोह देऊ नका. दुसरी गोष्ट हायड्रॉक्सियुरियाची. ‘हे कॅन्सरचं औषध’ असं मोबाईलवर वाचून एका घराने ते परस्पर बंद केलं होतं. काही कॅन्सरमध्ये ते वापरतात हे खरं. सिकलसेलमध्ये मात्र दुखण्याचे झटके कमी व्हावेत म्हणून बेताच्या मात्रेत देतात, मधूनमधून रक्त तपासत. शंका आली तर डॉक्टरांना विचारा, गोळी मनाने थांबवू नका.

‘मुळापासून बरा’ म्हणणाऱ्या व्हिडिओखाली फोन नंबर आणि किंमत असेल तर ते दुकान समजा. आणि एसएसच्या मुलाला ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक फिकटपणा किंवा एका बाजूला कमजोरी दिसली, तर काही शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

त्या आईचा खरा प्रश्न शेवटी निघाला: “सोयरीक जमली आहे, मोडू का?” आम्ही म्हटलं, मुलाचं रक्त तपासा. साध्या सॉल्युबिलिटी चाचणीवर थांबू नका, एएस की एसएस हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने कळतं. मुलगा एए निघाला तर एसएस बाळाची भीती नाही. दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलायचं.

मुलाकडे हे बोलायला आई कचरत होती. मुलीनेच त्याला फोन लावला. तो रक्त देऊन आलाय, रिपोर्ट यायचा आहे.