पिंगळ्याच्या माथ्यावरचे ठिपके

पिंगळा ओळखायचा तर आधी त्याचा माथा पाहावा. गावातल्या चिंचेच्या ढोलीत, जुन्या घराच्या वळचणीला जो राहतो तो ठिपकेवाला पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. सातपुड्याच्या सागवनातल्या रानपिंगळ्याचा माथा मात्र जवळजवळ कोरा असतो. त्याचे पंजे दणकट, शेपटीवरचे पट्टे रुंद, आणि तो शिकारही बरीचशी दिवसाउजेडी करतो. आमच्या सोनाळ्यात हा फरक महत्त्वाचा आहे, कारण गावाच्या उत्तरेला सातपुडा सुरू होतो, तिथे अंबाबरवा अभयारण्य आहे, आणि ते ज्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतं त्या मेळघाटात रानपिंगळा आजही नांदतो.

माझा धंदा फोटो स्टुडिओचा. गावातली पोरं मोबाइलवर टिपलेले फोटो दाखवायला येतात. अधूनमधून एखादा धावतच येतो : "दादा, रानपिंगळा सापडला, आमच्या अंगणात!" फोटोत माथा खरंच कोरा दिसतो. मी मूळ फोटो उघडायला सांगतो, तर तिथे ठिपके जागेवर असतात. संध्याकाळच्या कमी उजेडात काढलेल्या फोटोत दाणे येतात. ते घालवायला पोरानं ॲपमध्ये 'नॉईज रिडक्शन'ची पट्टी शेवटपर्यंत सरकवलेली असते. दाण्यांसोबत ठिपकेही पुसले जातात आणि एका पक्ष्याचा दुसरा पक्षी होतो. लग्नसराईत हेच काम मी रोज करतो, चेहऱ्यावरचे डाग काढून देतो, नवरदेवाला ते आवडतं. पण पक्ष्याची ओळखच त्याच्या डागांत, ठिपक्यांत आणि पट्ट्यांत असते. म्हणून नॉईज कमी करायचा तो फक्त मागच्या पार्श्वभूमीचा. मास्किंगची सोय असेल तर पक्षी त्यातून वगळावा. नसेल तर थोडे दाणे राहू द्यावेत.

रानपिंगळ्याची गोष्ट पुढे सांगतो. आधी परसातलं काम.

आमच्या मागच्या दारी कडुनिंब आहे, कढीपत्ता आहे, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली केळ आहे. उन्हाळ्यात एवढ्यावरही पाखरं टिकून राहतात. मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवावं, पाणी दोन बोटं खोल असावं, मधे एक दगड ठेवावा. भांडं रोज घासावं. साचलेल्या घाण पाण्यातून पाखरांमध्ये रोग पसरतो. भांड्यामागे भिंत नको. मागची झाडी जितकी लांब, तितकी ती फोटोत विरघळते आणि पक्षी उठून दिसतो. उभं राहून खाली कॅमेरा रोखला की पक्षी बुटका दिसतो, म्हणून पाटावर बसावं, लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आणावी आणि फोकस डोळ्यावरच धरावा. सातभाई क्षणभर स्थिर राहत नाहीत. त्यांना शटर १/१००० सेकंद तरी लागतं. वैशाखात सकाळी आठनंतरचं ऊन फोटोच्या कामाचं नाही. दयाळाच्या पंखावरचा पांढरा पट्टा त्या उन्हात पार जळतो, आणि जळलेला पांढरा रंग कुठल्याच ॲपमध्ये परत येत नाही. म्हणून एक्स्पोजर काढतानाच थोडं कमी ठेवावं. सावलीतला काळोख नंतर उजळता येतो.

जांभळा शिंजीर इथे फार शिकवतो. नर सावलीत निव्वळ काळा दिसतो. पोरं 'शॅडो' वाढवतात आणि राखाडी पक्षी मिळवतात. त्याची ती जांभळी-निळी झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते, ती ठरावीक कोनातूनच दिसते. सूर्य आपल्या पाठीशी घेऊन, तो मान वळवेपर्यंत थांबलं तरच रंग मिळतो.

रंगाच्या बाबतीत मी हट्टी आहे. कडुनिंबाखाली सगळ्यावर हिरवट झाक येते, ती व्हाइट बॅलन्सनं काढावी. भांड्याजवळ एक पांढरा कागद ठेवून पहिला फोटो त्याचा घेतला की अंदाज चुकत नाही. सॅच्युरेशनला शक्यतो हात लावू नये. बुलबुलाच्या शेपटीखालचा लाल रंग दोन पायऱ्या वाढवला की तिथली पिसं नाहीशी होतात, नुसता लाल ठिपका उरतो. वडाच्या फळांवर येणारा हरियाल, आपला राज्यपक्षी, त्याच्या पिवळ्या पायांवरून ओळखला जातो. फोटो निळसर केला की ती खूणच गेली. शार्पनिंग अगदी शेवटी, आणि फक्त डोळा, चोच व पिसांवर.

आता ती गोष्ट. रानपिंगळ्याचं शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केलं. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. रिचर्ड माइनर्टझागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात मात्र एक नमुना होता. लेबलवर गुजरातमधलं मांडवी आणि साल १९१४. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईनं तपासला. पेंढा भरण्याच्या पद्धतीवरून उघड झालं की तो जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेला, ब्रिटनच्या संग्रहालयातून चोरलेला आणि नव्यानं भरून खोटं लेबल लावलेला पक्षी आहे. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी ती खोटी नोंद बाजूला ठेवली, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. एका खोट्या लेबलानं किती नुकसान होऊ शकतं, हे मी प्रत्येक पोराला सांगतो. अंगणातला फोटोही नोंदच असते. फांदी पुसून टाकणं, दुसऱ्या फोटोतलं आभाळ जोडणं, गावाचं नाव बदलणं मला मान्य नाही.

व्हिडिओसाठी परसातलं सगळ्यात चांगलं पात्र कढीपत्त्यावर सापडतं. कॉमन मॉर्मन या काळ्या फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते, आणि डिवचल्यावर डोक्यामागून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते. मुद्दाम डिवचू मात्र नये. कोष गडद होऊन आतले पंख दिसू लागले की पुढची पहाट गाठावी. मोबाइल स्टँडवर पक्का बसवावा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करावं, मग हात लावू नये. घरातल्या दिव्याखाली चित्रण असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवावं. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं एरवी चित्र लुकलुकतं. प्रत्येक दृश्य निदान दहा सेकंद स्थिर धरावं. पाण्याची मोटर बंद असताना आवाज वेगळा मुद्रित करावा.

घरटं दिसलं की मी कॅमेरा खाली ठेवतो. फांद्या बाजूला केल्या की कावळ्याला वाट सापडते, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अंडी व घरट्यांना हात लावू देत नाही. रात्री पिंगळ्यावर फ्लॅश मारू नये, मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला बोलावू नये. अंबाबरव्यात जायचं तर वनखात्याची परवानगी घ्यावी.

मूळ फोटो कधीही पुसू नका. बदल नेहमी प्रतीवर करा. मोबाइलची तारीख-वेळ बरोबर आहे ना ते पाहा. फाइलच्या नावात गाव, झाड आणि पक्ष्याचं नाव लिहा. नाव ठाऊक नसेल तर तो काय करत होता ते लिहा. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते, भारतात २०१३पासून. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर सोनाळ्याची यादी त्या दिवसांत भरा. आणि कुणाला रानपिंगळा दिसलाच, तर ॲपमध्ये काहीही करण्याआधी मूळ फोटो घेऊन दुकानात या. आपण माथा मोठा करून पाहू.