नडियादचा माणूस, गोंदियाचा आमदार

शेतकरी बंधूंनो, तुमच्या भागातले हायस्कूल कोणी काढले, हे कधी विचारलेत का? आपल्या जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळते, मनोहरभाई पटेल.

मनोहरभाई मूळचे इथले नव्हेत. ९ फेब्रुवारी १९०६ रोजी गुजरातेत, नडियादला त्यांचा जन्म झाला. तो मुलूख तंबाखूचा, आपला तेंदूपत्त्याचा. दोहोंना जोडायला रेल्वे होती आणि बिड्या वळायला घराघरांतले हात. एवढ्यावर गोंदियाचा बिडीधंदा वाढला आणि त्यातच मनोहरभाईंनी बस्तान बसवले.

बाहेरचा व्यापारी कमावतो आणि निघून जातो, असे आपण म्हणतो. हा गृहस्थ मात्र इथलाच झाला. लोकांनी त्यांना आमदार केले. १९५८ साली त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि खेड्यापाड्यांत हायस्कुले उघडली. गोंदियाचे धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय याच संस्थेचे. पोराला नागपूरला ठेवायची ऐपत नसलेल्या धानकऱ्याला याचे मोल विचारा! इटियाडोह, शिरपूर, पुजारीटोला या धरणांसाठीही त्यांनी पाठपुरावा केला. १७ ऑगस्ट १९७० रोजी ते गेले.

त्यांचा मान त्यांना द्यायचाच. पण मे महिन्याच्या उन्हात ज्यांनी पाने तोडून पुडे बांधले, ज्या बायांनी कंदिलाच्या उजेडात बिड्या वळल्या, त्यांचा घामही या धंद्यात होता. फरक एवढाच की नफ्याचे काय करायचे, हे तेव्हा मालक ठरवी. मनोहरभाईंसारखा निघाला तर गावाचे नशीब, नाही तर काय?

आता दिवस बदलले. २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत तेंदूपत्ता विकण्याचा अधिकार ग्रामसभेला आला आहे. तेव्हा सरपंच, सचिव मंडळींनो, फळी संपली आणि मजुरी-बोनस वाटून झाला की उरलेल्या रकमेचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. शाळेचे गळके छप्पर, पोरांसाठी अभ्यासिका, मामा तलावाची फुटकी पाळ, यातले एक तरी काम दरवर्षी ठरावात घ्या. आणि बायाबापड्यांनो, ठराव होईस्तोवर सभेतून उठू नका. पान तुम्हीच तोडले आहे.