पट्टी

पहाटेचे पावणेपाच. वाशीच्या फळबाजारात भर दुपारसारखी वर्दळ आहे. देवगड-रत्नागिरीहून आलेले ट्रक रिकामे होताहेत, माथाडींच्या डोक्यांवरून हापूसच्या पेट्या गाळ्यांत येताहेत, पायाखाली सगळा पेंढा. "बाजूला, बाजूला!" अशी हाक आली की भिंतीला लागायचं. तशीच सरकत मी एक गाळा शोधतेय. पर्समध्ये एका विद्यार्थ्याचं हॉल तिकीट आहे.

तो आमच्या रात्र महाविद्यालयात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. मार्चच्या मध्यापासून वर्गात नाही. सही-शिक्क्याचं हॉल तिकीट न्यायलाही आला नाही. आज साडेदहाला पेपर. मी जवळच राहते, म्हणून निघाले.

पेट्यांच्या थप्पीआड तो मांडी घालून बसलाय. समोर पट्टीबुक, मांडीवर कॅल्क्युलेटर.

"मॅडम, तुम्ही?" तो धडपडत उठतो. "कालच्या बारा पट्ट्या राहिल्यात. तेवढ्या झाल्या की सुटतो."

पालथ्या पेटीवर बसून मी बघते. बागायतदाराचं नाव, गाव, पेट्या, भाव, रक्कम. खाली वजा मोटारभाडं, हमाली. आडत २०१६पासून खरेदीदाराकडून घ्यायची, म्हणून त्या रकान्यात तो आडवी रेघ मारतो. उरते ती बागायतदाराची रक्कम.

हे तर अकाउंट सेल्स! कन्साइनमेंटचा धडा पहिल्या वर्षाला मीच शिकवला होता, फळ्यावर ‘मुंबईच्या अ-ने नागपूरच्या ब-ला माल पाठवला’ असं लिहून. तेव्हा हा शेवटच्या बाकावर असायचा, पहाटे अशाच पट्ट्या लिहून आलेला. वर्गात कोण काय काम करतं, हे मी कधी विचारलंच नाही.

"तुला तो धडा आधीच येत होता की रे!"

"पट्टी येत होती, मॅडम. पण विकेपर्यंत माल पाठवणाऱ्याचाच असतो, आपण फक्त सांभाळतो, हे तुमच्याकडे कळलं. मागे चार पेट्या आमच्याच गाळ्यात पडून खराब झाल्या. मी शेठना म्हटलं, हे बागायतदाराच्या पट्टीतून कापायचं नाही. त्यांनी ऐकलं."

तो पुन्हा खाली बसतो. लिहिता लिहिता सांगतो. वडील याच बाजारात माथाडी होते. मणका गेला, आता घरीच असतात. बहीण नर्सिंगला. सीझनचे तीन महिने पगार जास्त, तिची फी त्यातूनच निघते.

"आंबा आणि परीक्षा, दोन्ही एप्रिललाच येतात, मॅडम. आंबा सोडून चालत नाही."

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. ज्याचा दिवस पोटामागे जातो त्याला रात्र तरी मिळावी, एवढी साधी गोष्ट त्यांनी ओळखली. आम्ही वर्ग रात्री भरवतो, परीक्षा मात्र भर दिवसा घेतो आणि हा मार्चपासून येत नाही, असा शेरा हजेरीपटावर मारून मोकळे होतो. तो शेरा माझ्याच हातचा आहे.

"बेरजा तपासू का?" मी विचारते. तो लिहून झालेल्या पट्ट्या पुढे करतो. सहा बरोबर. सातव्या पट्टीत हमाली दोनदा वजा झालीय. मी बोट ठेवते. तो जीभ चावतो, रक्कम दुरुस्त करतो, कार्बनखालची प्रतही तपासतो.

"कालपासून डोळ्याला डोळा नाही," तो हळूच म्हणतो.

"उरलेल्या पाच मी लिहिते. तू आडवा हो. साडेसहाला उठवते."

"मॅडम, तुम्ही कसं…"

"तुझ्या सात बघितल्यात. येईल मला. शेवटी तू तपासून सही कर."

तो माझ्याकडे बघतो, मग मी दिलेलं हॉल तिकीट शर्टाच्या खिशात ठेवतो, खिशाला बटण लावतो आणि पेंढ्यावर अंग टाकतो. मिनिटभरात त्याला झोप लागते.

मी आठवी पट्टी ओढते. गाव, पेट्या, भाव. एक म्हातारे माथाडी डोक्यावर पेटी घेऊन आत येतात, झोपलेल्या मुलाकडे बघतात, गुडघे वाकवतात आणि दोन्ही हातांनी पेटी अलगद जमिनीला टेकवतात.