चाकाआडचा लाल रंग

हायवेवर शेजारून एखादी गाडी गेली आणि तिच्या अलॉय व्हीलच्या फटींतून लाल कॅलिपर (ब्रेकची डिस्क पॅडच्या चिमटीत धरणारा भाग) चमकला, की मागच्या सीटवरची पोरं ओरडतात, "ब्रेम्बो!" बहुतेक वेळा तो ब्रेम्बो नसतोच. गाडीबरोबर आलेला साधा बिडाचा कॅलिपर असतो आणि सुट्टीच्या दिवशी घराच्या पार्किंगमध्ये कुणी हौशीने त्याला रंग दिलेला असतो. त्यात गैर काही नाही. वर प्लॅस्टिकचं लाल कव्हर चिकटवण्यापेक्षा तर हे शंभर पटींनी बरं.

डिस्क ब्रेकचं पेटंट ब्रिटनमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्येच घेतलं होतं, पण त्याचा बोलबाला झाला तो 1953 मध्ये, डनलॉपचे डिस्क लावलेल्या जॅग्वारने ल माँची शर्यत मारली तेव्हा. तरीही पुढे कित्येक वर्षं कॅलिपर रंगवावा असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं. पत्र्याच्या रिमआड तो दिसतच नसे. अलॉय व्हील आली आणि आतलं सगळं उघड्यावर आलं. इटलीत बेर्गामोजवळ 1961 मध्ये सुरू झालेली ब्रेम्बो 1975 पासून फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांना ब्रेक देऊ लागली. आज तिचा एक कारखाना आपल्या चाकणलाही आहे. पोर्शने तर रंगाची भाषाच केली: सिरॅमिक डिस्क असेल तर कॅलिपर पिवळा, हायब्रिड असेल तर पोपटी.

आता उष्णतेचं. बाराशे किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवली, तर जेवढी ऊर्जा उष्णतेत जाते तेवढ्यात दीड लिटर पाणी उकळीला येईल. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो. घाट उतरताना हे वळणावळणाला घडतं. म्हणून साधा ऑइल पेंट इथे टिकत नाही. आधी काळवंडतो, मग पोपडे धरतो. उष्णतारोधक रंगात सिलिकॉनची राळ असते. तो हवेवर वाळतो, पण खरा पक्का होतो तो तापल्यावर. दुसरा प्रकार हार्डनर मिसळून ब्रशने लावायचा. एकदा मिसळला की वेळेत संपवावा लागतो.

डब्यावर मात्र पाचशे-सहाशे अंशांचे आकडे मिरवलेले असतात, त्यांना फार भुलू नये. कॅलिपरच्या पोटात ब्रेक ऑइल असतं. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल साधारण 230 अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं जुनं ऑइल दीडशेच्या पुढे गेलं की धोक्यात. ते उकळलं तर पेडल थेट तळाला जातं. तेव्हा रंगाचं काय झालं हे बघायला कुणाला सवड नसते. रंगाचे खरे वैरी निराळे: सांडलेलं ब्रेक ऑइल (ते रंग अक्षरशः सोलून काढतं), पॅडची तापलेली भुकटी, उडणारे खडे आणि कोकणात खारी हवा.

काम नव्वद टक्के घासण्याचं आणि झाकण्याचं आहे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून चाक काढायचं नाही, खाली स्टँड हवाच. ती काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी. मग वायर ब्रश, पॉलिश पेपर, पुन्हा क्लीनर. कॅलिपर सोडवला तर होजवर लोंबकळू देऊ नये, तारेने वर बांधावा. पिस्टनभोवतीचं रबर, ब्लीडर निपल, सरकत्या पिना, होज, पॅड या सगळ्यांना मास्किंग टेप. पिनेवर रंग गेला तर कॅलिपर सरकायचा थांबतो आणि एकच पॅड झिजत राहतो. एक जाड हात मारण्यापेक्षा तीन पातळ हात मारावेत. जाड थर हमखास ओघळतो.

डिस्कच्या बाबतीत नियम कडक. पॅड घासतो तिथे रंगाचा थेंबही नको. मधल्या टोपीला बाहेरून रंग चालतो, पण हबला टेकणारी बाजू कोरीच ठेवावी. तिथला थर पुढे दबतो, नट सैल पडतात, डिस्क वाकडी फिरते आणि स्टिअरिंग थरथरतं.

एवढं करून गाडी एक फूटही आधी थांबत नाही. फायदा झालाच तर तो या निमित्ताने चाक उघडलं जाण्याचा: झिजलेला पॅड, फाटलेलं रबर, अडकलेली पिन एरवी कोण बघतं? चाक बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल चारदोनदा दाबून ते कडक लागतंय ना ते बघा, आणि पन्नासेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा तपासा.