आफ्रिकेंतील ख्रिस्ती धर्मजागृति

परक्या देशांतून आलेला धर्म जोंपर्यंत परक्याच्याच तोंडून ऐकावा लागतो, तोंपर्यंत तो घरांत आलेल्या पाहुण्यासारखा असतो. ऐकणारा मनुष्य जेव्हां उठून उभा राहतो आणि तीच गोष्ट आपल्या शेजाऱ्यास स्वतःच्या भाषेंत सांगूं लागतो, तेव्हां तो धर्म त्या घरचा होतो. आफ्रिका खंडांत नेमकें हेंच घडलें. इजिप्त व इथिओपिया येथील प्राचीन ख्रिस्ती परंपरा सोडल्यास, सहाराच्या दक्षिणेकडील बहुतेक प्रदेशांत एकोणिसाव्या शतकांत युरोपीय मिशनऱ्यांनीं शाळा, दवाखाने आणि बायबलाचीं भाषांतरें यांच्या द्वारें ख्रिस्ती धर्म नेला. परंतु त्याचा मोठा प्रसार झाला तो विसाव्या शतकांत, आणि तोहि मुख्यतः आफ्रिकी माणसांच्या हातून. त्या काळीं धर्मजागृतीच्या ज्या लाटा उठल्या, त्यांपैकीं तीन पाहिल्या म्हणजे या इतिहासाचें मर्म ध्यानांत येतें.

पहिली लाट पश्चिम किनाऱ्यावरची. लायबेरियांतील विल्यम वाडे हॅरिस हा ग्रेबो जमातीचा शिक्षक. तेथील सरकारविरुद्धच्या चळवळींत भाग घेतल्यामुळें त्यास तुरुंगवास घडला. तुरुंगांत देवदूतानें आपणांस दर्शन देऊन उपदेशाची आज्ञा केली, असें तो सांगे. १९१३ सालीं पांढरा झगा, डोक्यास फेटा, एका हातांत वेळूचा क्रूस व दुसऱ्या हातांत बायबल अशा वेषांत तो पायींच आयव्हरी कोस्टमध्यें शिरला. लोकांनीं जुने ताईत व मूर्ति जाळून टाकाव्या आणि त्यानें तेथल्या तेथें बाप्तिस्मा द्यावा, असा क्रम चालला. दीड वर्षाच्या आंत सुमारें एक लाख लोकांनीं त्याच्या हातून दीक्षा घेतली. इतका समुदाय एका माणसाच्या शब्दावर हलतो हें पाहून फ्रेंच अधिकारी अस्वस्थ झाले, व त्यांनीं त्यास हद्दपार केलें. "पुस्तक शिकविणारे येतील, त्यांची वाट पाहा," असें हॅरिसनें लोकांस सांगून ठेविलें होतें. १९२४ सालीं मेथडिस्ट मिशनरी तेथें पोंचले, तेव्हां गांवोगांवचे लोक आपणच बांधलेल्या प्रार्थनामंदिरांतून दहा वर्षें वाट पाहत असलेले त्यांस आढळले!

दुसरी लाट बेल्जियमच्या ताब्यांतील कांगोंत उठली. न्काम्बा गांवचा सायमन किंबांगू हा बॅप्टिस्ट मिशनचा धर्मशिक्षक. १९२१ च्या एप्रिलमध्यें त्यानें आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करण्यास आरंभ केला, आणि मजूर आपलें काम व रोगी दवाखाना सोडून त्याच्याकडे लोटूं लागले. त्याचा उपदेश साधा होता: जादूटोणा सोडा, एकच पत्नी करा. त्यांत राज्याविरुद्ध शस्त्र उचलण्याची भाषा नव्हती. तरीहि सरकारनें सप्टेंबरांत त्यास धरलें. लष्करी न्यायालयानें १२० फटके व देहान्ताची शिक्षा दिली. आल्बर्ट राजानें पुढें ती जन्मठेपेवर आणली. जेमतेम पांच महिने उपदेश केलेल्या या माणसानें तीस वर्षें तुरुंगांत काढलीं, आणि १९५१ सालीं एलिझाबेथव्हिल येथें तेथेंच देह ठेविला. त्याच्या अनुयायांस दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यांत आलें. परंतु जेथें ते गेले, तेथें त्यांचा पंथहि गेला. १९५९ च्या डिसेंबरांत सरकारनें त्या पंथास मान्यता दिली, आणि १९६९ सालीं जागतिक चर्च परिषदेनें त्यास सभासद करून घेतलें.

तिसरी लाट पूर्व आफ्रिकेंतली. तिचा रोख मात्र निराळा होता. १९२९ सालीं कंपाला येथील नामिरेम्बे टेंकडीवर युगांडाचा सिमेओनी न्सिबाम्बी आणि रुआंडांतील गाहिनीच्या मिशन इस्पितळाचे इंग्रज डॉक्टर जो चर्च यांची भेट झाली. दोघांनीं मिळून बायबल वाचलें व प्रार्थना केली. त्यांतून जी चळवळ वाढली ती गाहिनीहून युगांडा, केनिया व टांगानिका येथवर पसरली. तिच्यांतील लोकांस लुगांडा भाषेंत 'बालोकोले', म्हणजे तारलेले, असें नांव पडलें. त्यांनीं नवा पंथ काढला नाहीं. ते जुन्याच चर्चमध्यें राहिले. परंतु तेथें राहून त्यांनीं पाद्र्यांनाहि सोडलें नाहीं. भर सभेंत उठून आपलें पाप सांगावें, चोरलेली वस्तु परत करावी, ज्याच्याशीं वैर त्याची क्षमा मागावी, हा त्यांचा आचार. गोऱ्या मिशनऱ्यानें आपल्या गर्वाबद्दल काळ्या सहकाऱ्याची क्षमा मागावी, असेंहि तेथें घडूं लागलें. वसाहतीच्या त्या काळांत ही गोष्ट लहान नव्हती.

या तिन्ही लाटांत एक समान सूत्र दिसतें. उपदेशाचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तिन्हींनीं विचारला. अधिकाऱ्याचा शिक्का किंवा मिशनची परवानगी नसतांहि देव बोलवितो, असें एकदां माणसाच्या मनानें घेतलें कीं तें मन पुढें दुसऱ्या कोणत्याहि धन्यापुढें सहज वांकत नाहीं. वसाहतींच्या सरकारांस जें भय वाटलें तें हेंच.

त्या निर्भयतेची परीक्षा पुढें झाली. केनियांत १९५२ पासून माऊ माऊचें बंड पेटलें असतां चळवळींतील पुष्कळांनीं बंडाची शपथ घेण्याचें नाकारलें, आणि सरकारनें देऊं केलेलीं हत्यारेंहि नाकारलीं. कित्येकांस त्यापायीं प्राण द्यावे लागले. युगांडाचे आर्चबिशप जनानी लुवुम हे याच जागृतींतून पुढें आलेले. इदी अमीनच्या जुलमाचा निषेध केल्यावर १९७७ च्या फेब्रुवारींत त्यांचा वध झाला.

परंतु वारशाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ज्या रुआंडांत ही जागृति वाढली, त्याच देशांत १९९४ सालीं सुमारें शंभर दिवसांत लाखों तुत्सी लोकांची कत्तल झाली. मारणारे व मरणारे दोन्ही बहुतेक ख्रिस्ती होते, आणि कित्येक प्रार्थनामंदिरांत आश्रयास आलेल्यांचींच प्रेतें पडलीं. आपल्या जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना लपविणारे श्रद्धावंत तेव्हांहि निघाले. पण ते थोडे होते. दारू, चोरी, व्यभिचार यांची कबुली द्यावयास मनुष्य लवकर शिकतो. आपल्या जमातीबरोबर वांटून घेतलेल्या द्वेषाची कबुली मात्र त्यास सुचत नाहीं. कारण तो द्वेष त्यास पाप वाटतच नाहीं, तो त्यास स्वजनांवरील प्रेमच वाटतो.

आज सहाराच्या दक्षिणेस कोट्यवधि ख्रिस्ती लोक आहेत, आणि त्यांचे उपदेशक, गीतें व भाषा त्यांच्या स्वतःच्या आहेत. हॅरिसच्या वेळूच्या क्रूसानें व किंबांगूच्या कोठडीनें जो प्रश्न विचारला, त्याचें उत्तर मिळालें आहे: पाहुणा घरचा झाला. गाहिनीनें विचारलेला प्रश्न मात्र अजून उभा आहे. आपलें पाप सर्वांसमक्ष बोलून दाखविणाऱ्या माणसास आपल्या समुदायाचें पापहि तसेंच बोलून दाखवितां येईल काय? ज्या दिवशीं तें जमेल, त्या दिवशीं ती जागृति पुरी झाली असें म्हणतां येईल.